न तुटलेली वायर

नोकरीतले मोठे गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. पण एका प्रकरणात काही चोरीला गेलं नव्हतं, काही तुटलंही नव्हतं, आणि तरीही अख्खं गाव एका माणसाला आरोपी ठरवून मोकळं झालं होतं. ते प्रकरण मात्र माझ्या मनातून जाता जात नाही. निवृत्त पोलिसाला लोक दरोड्यांबद्दल आणि घाटातल्या लुटींबद्दल विचारतात. मी त्यांना ही गोष्ट सांगतो, कारण ती सांगताना मला अजून हसू येतं. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यातले एक तर दिवाळीला न चुकता फराळ पाठवतात.

तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत निम्मी हॉटेलं आणि बंगले, निम्मी भातखाचरं. शनिवार-रविवारी सगळं मनुष्यबळ पर्यटकांच्या गाड्या हाकण्यात जायचं आणि सोमवारी सकाळच्या हजेरीला माणसं उभ्या उभ्या पेंगायची. अशाच एका सोमवारी पवन मावळातल्या एका गावचे भाऊ ठाण्यात आले.

भाऊ म्हणजे गावातलं पहिलं घर. देवळाचा जीर्णोद्धार असो की कुस्त्यांचा आखाडा, पहिला नारळ त्यांचा. माणूस दिलदार, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. मावळात गाडीच्या नंबराची हौस भारी. भाऊंची हौस तर अशी की मोठी गाडी, जीप, मुलाची बुलेट आणि ट्रॅक्टर, सगळ्यांच्या पाटीवर तीन शून्यं आणि पुढे एक. ट्रॅक्टरला कशाला हवा असला नंबर, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेब, नांगरतानाबी मान पायजे."

तर भाऊ आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या पंचायतीच्या शिपायाला आत घ्या."

तक्रार अशी होती. ग्रामपंचायतीच्या इमारतीत दाखले काढून देणारं एक केंद्र होतं. गावातलीच एक पदवीधर मुलगी ते चालवायची, सगळे तिला ताई म्हणायचे. कॉलेज प्रवेशाचे दिवस होते. उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले काढायला पोरंपोरी रांगा लावत होती आणि इंटरनेट रोज सकाळी जरा वेळ चालून बंद पडत होतं. दुपारनंतर ते आपोआप परत यायचं, तोवर रांगेतली माणसं कंटाळून दाखल्यासाठी तालुक्याच्या गावाची, वडगावची बस पकडायची. गाव चिडलं होतं, आणि चिडलेल्या गावाला आरोपी लवकर सापडतो.

आरोपी होते पंचायतीचे शिपाई, आबा. डोंगराला टेकलेल्या वाडीवर राहणारे, पन्नाशी उलटलेले, कितीतरी वर्षं हंगामी म्हणून राबलेले. त्यांना कायम करण्याचा ठराव येत्या शुक्रवारच्या ग्रामसभेत यायचा होता.

"ठराव मीच आणलावता," भाऊ म्हणाले. "आता काढायचा आणतो. तवर तुमी गुन्हा दाखल केलात म्हंजी काम सोपं."

"पुरावा काय?"

भाऊंकडे पुरावे होते आणि खरं सांगतो, ऐकायला दणदणीत होते. इंटरनेटची वायर गावात आली ती आबांच्या खाचरावरून, त्यांना न विचारता. तेव्हा आबा भर चावडीवर म्हणाले होते, एक दिवस ही वायर तोडीन. दुसरं, आबा कामावर आले की थोड्याच वेळात नेट जायचं आणि ते घरी गेले की यायचं. तिसरं सगळ्यात जड. मधे आबा बहिणीच्या गावी लग्नाला गेले होते, तेव्हा नेट दिवसभर सुरळीत चाललं. आबा परत आले आणि दुखणं परत आलं.

"वायर कुठं तुटलीय ते दाखवाल का?" मी विचारलं.

"आता कुटं तुटलीय? आता चालूय."

"मग जोडली कुणी?"

"तोच जोडत आसंल. लय बेरकी हाय. माझं क्यामेरंबी तोच बंद करतो. सभागृहात म्या सोताच्या खर्चानं क्यामेरं बसवलं, पन मोबाइलवर येक दिवस दिसलं न्हाईत."

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि चौकशी करतो असं सांगून त्यांना चहा पाजून लावून दिलं. मनात म्हटलं, रोज तुटून रोज आपली आपण जोडली जाणारी वायर आपण आजवर पाहिलेली नाही.

पण संध्याकाळी आमचे हवालदार हसतमुखाने आत आले. त्यांच्या खबऱ्यांचं जाळं भारी होतं. "साहेब, केस फिट्ट झाली. दूधवाल्यानं पाहिलंय. आबा पंचायतीमागच्या खांबावर चढलावता. कमरेला कोयता. वायरीला हात घालताना सोताच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणतो."

आता मात्र बोलावणं भाग होतं.

आबा दुसऱ्या दिवशी आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात छत्री. खुर्चीवर बसा म्हटलं तर काठावर टेकले. मी सरळ विचारलं.

"वायर तोडीन, असं म्हणाला होतात?"

"व्हय. म्हनलोवतो."

"तोडली?"

"न्हाई."

"खांबावर चढला होतात?"

"चढलोवतो."

"कशाला?"

यावर आबा गप्प. हवालदारांनी आवाज चढवून बघितला, गोडीत घेऊन बघितलं, चहा मागवला. चहा गार झाला, पण आबा बोलले नाहीत. नुसते छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं होतं. गुन्हा केलेला माणूस पोलिसापुढे फार बोलतो, न विचारलेलंही सांगतो. गप्प राहणारा एक तर मुरलेला असतो, नाहीतर त्याला कशाची तरी लाज वाटत असते. आबांचे कान लाल झाले होते. मुरलेल्या माणसाचे कान लाल होत नाहीत.

जाताना दारात ते थांबले. "सायेब, शुक्करवारी मला काडत्यात व्हय?"

"अजून काही ठरलेलं नाही, आबा."

"काडलं तर काडलं. पन वायर तोडली म्हनून काडलं आसं नाव लागाया नगो. पोरीच्या सासरी काय सांगू मी?"

एवढं एकच त्यांनी आपणहून सांगितलं. नोकरी जाईल याचं दुःख होतंच, पण चोराचा शिक्का बसून जाईल हे त्यांना सोसवत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार माझ्या हातून होणार नाही, असं मी तिथेच ठरवलं.

आता थोडं माझ्याबद्दल. ठाण्यातलं काम संगणकावर आलं तेव्हा प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं हा प्रश्न होता. ज्याची ठाण्यात सगळ्यात कमी गरज त्याला पाठवायचं, असा पोलीस खात्याचा अलिखित नियम आहे. म्हणून मी गेलो. तिथल्या संगणकांवर लिनक्स नावाची संगणकप्रणाली होती. बटणं दाबून काम होण्याऐवजी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि उत्तर वाचायचं. बाकीचे कंटाळले, मला मात्र ते फार आवडलं. ही तर जबानी होती! विचारलं तेवढंच उत्तर, ना रडणं, ना शपथा, ना 'साहेब, मी गरीब माणूस'. नेट बंद पडलं की कुणाकुणाला काय विचारायचं हे तिथे घोकून घेतलं होतं आणि ते वापरायला मिळावं म्हणून मी ठाण्याचं नेट बंद पडायची वाट बघायचो.

ताईच्या केंद्रातला संगणकही लिनक्सचाच निघाला. सुट्टीच्या दिवशी जवळच्या गडावर येणाऱ्या हिंजवडीच्या काही नोकरदार पोरांनी आपला जुना संगणक दुरुस्त करून गावाला दिला होता. मी साध्या कपड्यात सकाळीच केंद्रात जाऊन बसलो. आबा यायचे होते. नेट झकास चालू होतं. ताईला म्हटलं, "तुला कुणावर संशय आहे?"

"सर, खरं सांगू? आबा आले की नेट जातं हे खरंय. पण आबा माझ्या खोलीत कधी येतच नाहीत. झाडलोट करतात, मागचं सभागृह उघडतात, पाणी भरतात. वायरीला हात लावताना मी नाही पाहिलं." तिने आवाज खाली आणला. "तक्रारीवर माझी सही भाऊंनी घेतली. मी नाही म्हणू शकले नाही."

नेट चालू असतानाच मी संगणकाची पहिली जबानी घेऊन ठेवली. निरोगी माणसाची नाडी आधी बघून ठेवली की आजार ओळखायला सोपं जातं. थोड्या वेळाने मागच्या बाजूला कुलूप वाजलं. आबांनी सभागृह उघडलं होतं. रांगेतल्या एका मुलीचा दाखला अर्ध्यावर आला आणि ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "गेलं!"

मी खुर्ची पुढे ओढली आणि तपास सुरू केला.

तपासाचा नियम एकच: जवळच्यापासून सुरुवात करून लांबच्याकडे जायचं. आधी वायर खोबणीत बसली आहे ना आणि दिवा लुकलुकतोय ना ते पाहिलं. दोन्ही ठीक. मग संगणकाला विचारलं, तुझा स्वतःचा पत्ता सांग. त्याने बिनचूक सांगितला. नेटवरच्या प्रत्येक यंत्राला असा आकड्यांचा पत्ता असतो आणि एका इमारतीतल्या यंत्रांचे पत्ते शेवटच्या आकड्याने ओळखू येतात. घरातून बाहेर जायचं दार म्हणजे ती दिवे लुकलुकणारी पेटी, राऊटर. त्याचा शेवटचा आकडा बहुतेक ठिकाणी एक असतो. इथेही तो एकच होता.

मग 'पिंग' नावाची आज्ञा दिली. पिंग म्हणजे हाक. एखाद्या पत्त्याला हाक मारायची आणि ओ येते का ते ऐकायचं. एक नंबरच्या दाराला हाक मारली. लगेच ओ आली. दार जागेवर होतं. मग बाहेरच्या जगातल्या एका ठिकाणाला नावाने हाक मारली. ओ नाही. कदाचित नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा चुकत असेल, म्हणून त्याच ठिकाणाला नुसत्या आकड्यांनी हाक मारली. तरीही शांतता. इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन लावला तर तो छातीठोकपणे म्हणाला, "सर, आमच्याकडून लाइन ओके आहे."

मी बुचकळ्यात पडलो. संगणक खरं बोलतोय, दार ओ देतंय, बाहेरची लाइन ठीक आहे, आणि तरी दारातून काही बाहेर जात नाही. सगळे साक्षीदार खरे आणि गुन्हा मात्र घडलेला. अशा वेळी साक्षीदारांपैकी कुणीतरी स्वतःला जो म्हणवतो तो नसतो.

आणि एकदम मला उर्से टोलनाका आठवला. एकदा तिथे आम्ही एक पांढरी गाडी अडवली होती. कागद चोख, नंबर चोख. पण त्याच नंबराची, त्याच रंगाची दुसरी गाडी त्याच वेळी पुण्यात मालकाच्या दारात उभी होती. पाटी कुणीही रंगवून आणतो. अशा वेळी पाटी बघत बसायचं नसतं, बॉनेट उघडून चेसिस नंबर बघायचा असतो.

नेटवरच्या यंत्रांनाही चेसिस नंबर असतो. पत्ता आपण देऊ तो, पण हा नंबर कारखान्यातूनच कोरून येतो. लिनक्सला विचारलं की ते आपल्या शेजाऱ्यांचे पत्ते आणि त्यांचे चेसिस नंबर शेजारी शेजारी दाखवतो. सकाळी नेट चालू असताना मी हा प्रश्न विचारून पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता. आता तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि त्याचाही फोटो घेतला. पत्ता तोच, शेवटचा आकडा एक. चेसिस नंबर मात्र वेगळा!

मी इतक्या जोरात टेबलावर थाप मारली की रांगेतल्या एका मावशींनी पदर सावरला. दारावर तोतया उभा होता. हाक मारली की ओ द्यायचा, पण बाहेर जायची वाट त्याला ठाऊकच नव्हती. सगळ्यांचे अर्ज त्याच्या हातात जाऊन पडत होते आणि तिथेच मरत होते.

राऊटरला लावलेल्या वायरी मी एकेक करून काढत आणि परत लावत गेलो. तिसरी काढली आणि थोड्या वेळात नेट आलं. ती वायर पकडून मी चालू लागलो. ती भिंतीतल्या भोकातून मागच्या सभागृहात गेली, तिथून छताच्या कडेने एका लाकडी पेटीत. पेटीला कुलूप होतं, पण जाळीतून आतलं यंत्र, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं, स्पष्ट दिसत होतं. ते यंत्र कुणाचं हे सांगायला खबऱ्याची गरज नव्हती. पेटीवर दात्याचं नाव चांगल्या मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं.

सभागृहाच्या दाराशेजारी मेन स्विच होता. आबा सकाळी दार उघडून तो चालू करायचे आणि दुपारी जाताना बंद करायचे, कारण गावाची वीज फुकट जळू नये असं त्यांना वाटायचं. स्विच चालू झाला की ते यंत्र जागं व्हायचं, आणि स्विच बंद झाला की झोपायचं. म्हणून आबा आले की नेट जायचं आणि आबा लग्नाला गेले की चालायचं. पुरावे सगळे खरे होते, फक्त आरोपी चुकला होता.

जाण्यापूर्वी मी मागचा खांब बघून घेतला. वायर वर चांगली उंच ओढून सालीच्या दोरीने बांधलेली होती. गाठ पक्की आणि नीटस. तशी दोरी वाडीवरच वळतात. मी बराच वेळ वर बघत उभा राहिलो आणि आबांचे कान का लाल झाले होते ते मला कळलं.

गुन्हा उकलला होता. भाऊंना फोन करून सांगितलं असतं तर तक्रार मागे घेतली गेली असती. पण शिक्का चारचौघांत बसला होता, तेव्हा तो चारचौघांतच पुसायला हवा होता. शुक्रवारी मी गणवेशात ग्रामसभेला गेलो आणि काढून ठेवलेली तिसरी वायर आधी गुपचूप परत लावली.

सभागृहापुढच्या अंगणात गाव जमलं होतं. आबा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. भाऊ पुढच्या खुर्चीत. मी म्हटलं, "ठरावाआधी मला एक पंचनामा करायचाय. पंच म्हणून गुरुजी आणि बचत गटाच्या या मावशी." ताईने संगणकाचा पडदा खिडकीकडे फिरवला. त्यावर बाहेरच्या जगाला हाका चालू होत्या आणि प्रत्येक उत्तराची एक ओळ खालून वर चढत होती. "ओळी चढताहेत तोवर नेट चालू," मी सांगितलं. "आबा, रोजच्यासारखा मेन स्विच चालू करा."

आबांनी खटका दाबला. काही क्षणांत ओळी थांबल्या. सभेत कुजबूज झाली. भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "बगा! बगा! म्या काय म्हनत व्हतो?"

"बरोबर आहे तुमचं. आबा, स्विच बंद करा." थोड्या वेळाने ओळी पुन्हा चढू लागल्या. "आता भाऊ, जरा इकडे या. आता तुम्ही दाबा."

"मी कशाला?"

"पंचनामा आहे."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि खटका दाबला. ओळी थांबल्या. मग पंच मावशींनी विचारलं, "भाऊ, तुमी वो कवापास्नं वायर तोडाया लागला?"

अंगण हसून हसून लोळलं. गुरुजी पंच असल्याने न हसायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचाही चष्मा निसटला. भाऊ लालबुंद झाले. मी राऊटरची तिसरी वायर काढली. भाऊंचा खटका चालूच होता, तरी ओळी सुरू झाल्या. मग पेटीची किल्ली मागितली. यंत्र बाहेर काढून त्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरचा नंबर गुरुजींना मोठ्याने वाचायला लावला आणि ताईने माझ्या मोबाइलमधल्या दुसऱ्या फोटोवरून तो पडताळला. अक्षर न् अक्षर जुळलं.

"भाऊ, या यंत्राला पत्ता कुणी दिला?"

"तो फिटर आलावता पोरगेला. त्यानं इचारलं, कितवा नंबर टाकू? म्या म्हनलो, आपला नंबर कंचा आस्तो? येक!"

"एक नंबर दाराचा असतो, असं तो म्हणाला नाही?"

"म्हनाला व्हता. पन तवा ते यंत्र सुटंच व्हतं, कशालाच जोडलं नव्हतं. म्हनलो, आसंल दाराचा. ऱ्हातील की दोघं."

नंतर फार्महाउसवर बसून मोबाइलवर कॅमेरे बघायची हौस आली, आणि भाऊंनी घरच्या गड्याकडून ते यंत्र पंचायतीच्या राऊटरला जोडून घेतलं. तेव्हापासून एका नंबरावर दोन धनी बसले. त्या भांडणात गावाचं नेट गेलं आणि भाऊंचे कॅमेरेही त्यांना कधी दिसले नाहीत. वड्याचं तेल वांग्यावर काढायला आबा होतेच.

भाऊंनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्यांचं पोट हलू लागलं आणि ते इतक्या मोठ्याने हसले की झाडावरचे कावळे उडाले. "म्हंजी गावाचं नेट म्याच खाल्लं म्हना की!" हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला. स्वतःवर हसणारा तक्रारदार नोकरीत क्वचित भेटतो.

दुसरा नंबर निवडायला पुन्हा वेळ गेला. ताईने दोन सुचवला. "दोन नंबर नगो, लोक काय म्हन्तील?" शेवटी शकुनाचा म्हणून एकावन्न ठरला. तो रिकामा आहे ना, हे ताईने आधी हाक मारून तपासलं. नंबर बदलला, वायर परत लावली, खटका चालू केला. ओळी चढत राहिल्या. भाऊंच्या मोबाइलवर पहिल्यांदाच कॅमेरा दिसला, आणि त्यात दिसले मिशीला हात लावून मोबाइल बघणारे भाऊ.

पण मागून कुणीतरी ओरडलं, "ते झालं, पन आबा खांबावर कशाला चढलावता?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात आबा भिंतीपासून सुटे झाले. टोपी काढून हातात घेतली.

"वायर बांदाया," ते म्हणाले.

"आं?"

"माकडं वढत व्हती. खाली लोंबत व्हती वायर. तुटली आसती. पोरी दाखल्यासाटी ताटकळत व्हत्या हितं. म्हून बांदली वर." ते जमिनीकडे बघत होते. "तोडीन म्हनलोवतो चावडीवर. आन बांदून आलो. कुनाला कसं सांगनार? आबाचा शबूद म्हन्त्यात त्यो ह्यो?"

बोलेल तो करेल काय, असं आपण म्हणतो. इथे बोलणाऱ्याने बोलल्याच्या नेमकं उलटं केलं होतं, आणि त्याचीच त्याला शरम वाटत होती. चोराचा शिक्का त्यांना सोसवत नव्हता, पण शब्द मोडणारा ठरणं त्याहून जड वाटत होतं. अंगणात कुणी हसलं नाही.

भाऊ उठले. खुर्च्यांच्या ओळीतून वाट काढत मागे गेले आणि आबांच्या पुढे उभे राहिले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकू आला.

"आबा, तुमच्या खाचरावरनं वायर न्यायची हाय. नेऊ का?"

वायर तर केव्हाच नेलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आबांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली, पुरता वेळ घेतला.

"न्या," ते म्हणाले. "पन बांदाच्या कडंनं."

कायम करण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला. सूचक म्हणून भाऊंचंच नाव लागलं. मी स्टेशन डायरीत 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं लिहिलं आणि हवालदारांना सांगितलं, दूधवाल्याला म्हणावं, पुढच्या वेळी हात वायरीला लागला एवढंच बघू नकोस, हाताने काय केलं तेही बघ.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं व्याख्यानात कुणी विचारलं तर मी लिनक्सचंच उदाहरण देतो. ते यंत्र कुठल्याही नव्या शेजाऱ्याला निरोप धाडण्याआधी घरात मोठ्याने विचारतं, या पत्त्यावर कोण आहे? कधी त्याला खोटं उत्तर मिळतं आणि ते फसतं, पण विचारायचं सोडत नाही. आपण माणसं मात्र नंबर घेतो, वायर नेतो, माणसाला चोर ठरवतो आणि विचारायचं तेवढं विसरतो. निवृत्तीनंतर सोसायटीत नेट बंद पडलं की लोक मला बोलावतात. मी आधी पिंग करतो आणि मग हमखास विचारतो, नवीन काय जोडलं, आणि कुणाला विचारून?

निवृत्तीच्या थोडं आधी त्या गावावरून चाललो होतो. गावात जाड, नवी केबल येत होती. आबांच्या खाचराच्या बांधावर शिडी आडवी ठेवलेली, केबलचं वेटोळं पडलेलं, आणि कामगार विड्या ओढत बसलेले. त्यांच्यामध्ये उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून भाऊ बसले होते. एक नंबरची जीप खाली रस्त्यावर उभी होती.

मी गाडी थांबवली. "भाऊ, काम का थांबलंय?"

"आबा डोंगरात गेल्यात, गुरांमागं," भाऊ म्हणाले आणि माझ्यासाठी बांधावर सरकून जागा केली. "येतील आत्ता. इचारायचं हाय."